नवा ड्रायव्हर म्हणजे नेमका कोणता?

विंडोजच्या कॉम्प्युटरवर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याच्या ड्रायव्हरचा क्रमांक दोन ठिकाणी पाहता येतो. कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तो ५३६.२३ असा दिसतो आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ३१.०.१५.३६२३ असा. ड्रायव्हर एकच आहे. दुसऱ्या क्रमांकातले शेवटचे पाच अंक घ्यायचे, म्हणजे १५ मधला ५ आणि त्यापुढचे ३६२३. मधला ठिपका पुसायचा आणि मागून दोन अंक सोडून नवा ठिपका द्यायचा, की ५३६.२३ तयार. ही खूण ठाऊक असलेल्याला यात गंमत वाटते. ठाऊक नसलेला माणूस मात्र साइटवरून ५३६.२३ उतरवतो, बसवतो, डिव्हाइस मॅनेजर उघडतो आणि अपडेट बसलंच नाही असं समजून पुन्हा तेच करत बसतो. अशा गोंधळाचं खापर एकतर इंजिनिअरांच्या बेफिकिरीवर फुटतं, नाहीतर जाहिरात विभागाच्या हौसेवर. दोघांचाही त्यात थोडा हात आहे, ते पुढे येईलच. पण गोंधळाचं मूळ आपल्या प्रश्नात आहे. ‘यांतला चांगला कोणता?’ असं आपण त्या आकड्याला विचारतो, आणि आकडा सांगतो तो आपला पत्ता: कोणत्या फांदीवर, कितव्या जागी. फांद्या अनेक असतील तर दोन पत्त्यांमधला मोठा-लहानपणा काढून हाती काही लागत नाही.

चार भागांच्या क्रमांकापासून सुरुवात करू, कारण सर्वांत बदनाम तोच. त्याचा साचा कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा नाही, मायक्रोसॉफ्टचा आहे. विंडोजच्या कोणत्या पिढीच्या डिस्प्ले व्यवस्थेसाठी हा ड्रायव्हर लिहिला, हे पहिला भाग सांगतो. एक्सपीच्या काळात तिथे ६ असे. व्हिस्टासाठी ७ आला, विंडोज ७ साठी ८, विंडोज ८ साठी ९ आणि ८.१ साठी १०. म्हणजे विंडोज ७ वर आठाने सुरू होणारा ड्रायव्हर आणि विंडोज ८ वर नवाने सुरू होणारा. घोटाळा व्हावा म्हणून मुद्दाम मांडलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. विंडोज १० आल्यावर एकदम २० वर उडी मारली गेली, मग मोठ्या अपडेटांबरोबर २१, २२ असं करत २७ पर्यंत मजल गेली आणि विंडोज ११ ला ३०, ३१, ३२ मिळाले. दुसरा भाग पूर्वी डायरेक्टएक्सची पातळी दाखवायचा. ३० पासून तिथे शून्य असतं. कंपनीच्या वाट्याला राहतात शेवटचे दोन भाग. प्रत्येक भागाला १६ बिटांची जागा, म्हणजे ६५,५३५ च्या वर आकडा जाऊ शकत नाही. एनव्हिडिया आपला क्रमांक या दोन भागांत विभागून बसवते आणि त्यातून मजेशीर प्रकार घडतात. २०१८ मध्ये ३९९.२४ नंतर ४११.६३ आला, तेव्हा तिसरा भाग १३ वरून १४ झाला आणि चौथा ९९२४ वरून ११६३ वर घसरला. फक्त शेवटचा भाग पाहणाऱ्याला नवा ड्रायव्हर जुना वाटला, आणि त्याचं काही चुकलं होतं असंही म्हणता येत नाही.

इंटेलच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं, कारण इंटेल वेगळा सुटसुटीत क्रमांक पुढे करत नाही. चार भागांचा लांबलचक आकडाच ग्राहकासमोर येतो. २६.२०.१००.७२६३ हा त्या काळचा एक नमुना. इथे उपयोगी भाग शेवटचा, बिल्ड क्रमांकाचा. पुढे तो नऊ हजारांच्या वर जाऊन दहा हजारांना टेकू लागला, तेव्हा इंटेलने तिसरा भाग १०० वरून १०१ केला आणि चौथा पुन्हा हजाराच्या घरात आणला. म्हणून १०१ नंतरचा चार हजारांचा बिल्ड १०० नंतरच्या नऊ हजारांच्या बिल्डपेक्षा कितीतरी नवा असतो. पहिल्या भागातल्या ३१ किंवा ३२ वरून नवेपणा जोखणाऱ्याचीही फसगत होते, कारण तो आकडा विंडोजच्या पिढीशी बांधलेला आहे, ड्रायव्हरच्या गुणवत्तेशी नाही. त्यात लॅपटॉपवाल्यांचं आणखी एक दुखणं होतं. लॅपटॉपच्या कंपनीने बसवलेल्या ड्रायव्हरवर इंटेलच्या साइटवरचा ड्रायव्हर बसवायला गेलं, की हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी तपासलेला नाही असं सांगून इन्स्टॉलर हात वर करायचा. २०२० मध्ये इंटेलने ती अट सैल केली. तोवर मोठा आकडा हाती असूनही तो आपल्या मशीनसाठी नव्हे, ही वस्तुस्थिती कित्येकांना त्या संदेशातूनच कळायची.

मग हा चार भागांचा क्रमांक आहे तरी कोणासाठी? प्रामुख्याने विंडोजसाठी. एका कार्डाला बसणारे दोन ड्रायव्हर सापडले, तर कोणता निवडायचा हे विंडोज स्वतःच्या नियमांनी ठरवतं. आधी सही कोणाची ते पाहतं, मग हार्डवेअरशी जुळणी किती नेमकी आहे ते, आणि दोन्ही बाबतींत बरोबरी झाली तर ड्रायव्हरवर नोंदलेली तारीख. तारखाही सारख्या निघाल्या तरच क्रमांक. इथली तारीख म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलमध्ये लिहिणाऱ्याने लिहिलेली तारीख, आणि ती खरी असण्याची सक्ती नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या असंख्य ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते. ते काल दुरुस्त झालेले असले तरी. उद्देश असा की हार्डवेअर कंपनीचा ड्रायव्हर आधीच बसलेला असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण ड्रायव्हरने त्याची जागा बळकावू नये. इंटेलने तर चिपसेटच्या फाइलींवर १८ जुलै १९६८ घातली, म्हणजे कंपनीचा स्थापना दिवस. तेव्हा विंडोज सोडाच, मायक्रोसॉफ्टही जन्माला यायची होती. हेतू तोच: या फाइलींनी कोणाला मागे सारू नये. नियमांनी चालणाऱ्या यंत्राला कोपरखळी मारून हवं ते करवून घेण्याचा हा मार्ग आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त ती तारीख माणसाला दिसते तेव्हा तो तिला तारीखच समजतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर आपल्या गळ्यात मारला म्हणून चिडतो.

यावर कोणी म्हणेल, विंडोजचं राहू द्या, कंपनीचा स्वतःचा छोटा क्रमांक तरी सरळ असेल ना? ५३६.२३ आणि ५६०.९४ यांत ५६०.९४ नवा, एवढं तर खरं? बहुतेक वेळा खरं, आणि घात त्या ‘बहुतेक’ मध्ये आहे. एनव्हिडियाच्या क्रमांकातला ठिपक्याआधीचा आकडा शाखेशी बांधलेला असतो. मूळ कोडमधून ठरावीक टप्प्यावर एक शाखा वेगळी काढली जाते आणि पुढच्या दुरुस्त्या त्या शाखेत होत राहतात. आर ३४०, आर ३९०, आर ४७०, आर ५३५ ही अशा शाखांची कंपनीतली नावं. विंडोजवर एका शाखेतून पहिले तीन अंकही थोडे पुढे सरकत राहतात, तर लिनक्सवर शाखेचा आकडा तसाच राहून ठिपक्यापुढचा भाग वाढत जातो. आत असंख्य बिल्ड तयार होतात, त्यांतले मोजके बाहेर पडतात. ३९९ नंतर ४११, ४७२ नंतर ४९६ अशा उड्या दिसतात त्या यामुळे. मधले आकडे कोणी लपवलेले नाहीत. शाखा किती आणि कोणकोणत्या हे बाहेरच्याला कळेल अशी खूण मात्र विंडोजच्या क्रमांकात नाही.

लिनक्सवरचं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. २०२० मध्ये ४४० शाखेत ४४०.८२ आला आणि त्यानंतर ४४०.१००. शाळेत शिकलेल्या दशांश अपूर्णांकांप्रमाणे ४४०.१०० म्हणजे ४४०.१, अर्थात ४४०.८२ हून लहान. पण हा ठिपका दशांशचिन्ह नाही. तो दोन पूर्णांकांमधली भिंत आहे आणि भिंतीपलीकडे ८२ नंतर १०० येणारच. ३४० शाखेत ३४०.७६ नंतर कित्येक वर्षांनी ३४०.१०८ आला, तोही असाच. आपल्याकडे जमिनीचे सर्व्हे नंबर आणि पोटहिस्से वाचता येणाऱ्याला यात अवघड काही वाटू नये. ४५/१० हा हिस्सा ४५/९ हून लहान आहे असं कोणी म्हणत नाही. ४५ नंबरच्या जमिनीतून तो निघाला आणि नवव्यानंतर निघाला, एवढंच त्यावरून कळतं. ४६/१ ची जमीन ४५/१० हून चांगली, असं अनुमान तर तलाठ्याच्या स्वप्नातही येणार नाही. ड्रायव्हरच्या क्रमांकावरून मात्र आपण हेच अनुमान रोज करतो.

आणि त्याची किंमत मोजावी लागते, सर्वांत आधी सुरक्षेच्या बाबतीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये लिनक्ससाठी ५४५.२९.०६ आला. ५४५ ही नव्या सोयींची, थोड्या दिवसांची शाखा होती. ५३५ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा; तिच्यात जून २०२४ मध्ये ५३५.१८३.०१ आला. म्हणजे लहान आकड्याचा ड्रायव्हर मोठ्या आकड्याच्या ड्रायव्हरनंतर काही महिन्यांनी तयार झाला आणि त्या मधल्या काळातल्या दुरुस्त्या त्याच्यात आहेत. ५४५ मोठा म्हणून त्याच्यावर बसून राहिलेला माणूस स्वतःला पुढे समजत प्रत्यक्षात मागे राहिला. एनव्हिडियाची सुरक्षा-पत्रकं वाचली तर हे लगेच ध्यानात येतं. ‘अमुक आकड्याच्या वरचे सगळे सुरक्षित’ असं त्यांत लिहिलेलं नसतं. प्रत्येक शाखेपुढे त्या शाखेतला दुरुस्त क्रमांक वेगळा दिलेला असतो. ज्या कागदावर कंपनीला चूक परवडत नाही, त्या कागदावर ती शाखेची भाषा बोलते, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

जुन्या कार्डांच्या बाबतीत हीच गोष्ट खिशाला लागते. लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड जीटीएक्स १०६० घेणाऱ्याला सगळ्यात मोठा आकडा काय कामाचा? ते कार्ड पास्कल पिढीचं, आणि २०२५ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा. खेळांसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत, त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. याआधी फर्मी पिढीचा प्रवास ३९० शाखेवर संपला, केप्लरचा ४७० वर. अशा कार्डासाठी ‘नवीनतम’ म्हणजे त्याच्या शाखेतला नवीनतम, आणि ५८० च्या घरातला आकडा पुढेही ५९० हून लहान दिसतच राहणार. साइटवर सर्वांत वरचा ड्रायव्हर उतरवायचा, तो बसत नाही म्हणून कार्डच बिघडलं असं ठरवायचं, हा शेवट टाळायला आकड्याबरोबर शाखा आणि पिढी कळायला हवी. विक्रेताही ती सांगतोच असं नाही.

इथे हमखास एक सूचना येते: एवढी भानगड कशाला, सरळ तारीख लिहा की! वर्ष आणि महिना. सूचना शहाणपणाची आहे आणि ती अमलात आणून पाहिलेलीही आहे, म्हणून तिचं फळ तपासता येतं. पुढे एएमडीत विलीन झालेल्या एटीआयने २००२ मध्ये कॅटलिस्ट या नावाने ड्रायव्हर काढायला सुरुवात केली, पुढे वर्ष आणि महिन्याची पद्धत रुळली आणि बरीच वर्षं दर महिन्याला एक ड्रायव्हर येत राहिला. पहिला अडथळा ठिपक्याचाच. कॅटलिस्ट १०.१ म्हणजे जानेवारी २०१०, १०.१० म्हणजे ऑक्टोबर २०१०. दशांश म्हणून वाचलं तर दोन्ही एकच, आणि १०.९ त्या दोघांहून मोठा. दुसरा अडथळा दर महिन्याच्या वायद्याचा. सांगण्यासारखं काही असो वा नसो, महिना उलटला की ड्रायव्हर द्यायचा. तो वायदा २०१२ मध्ये सोडून देण्यात आला. मग क्रमांकात तिसरा भाग आला, त्या महिन्यातला कितवा हे सांगणारा, आणि निदान वाचण्यापुरती ही पद्धत सुधारली. पण तोवर नावं बदलत राहिली: कॅटलिस्ट ओमेगा, २०१५ मध्ये क्रिमझन, मग रीलाइव्ह, २०१७ मध्ये अ‍ॅड्रेनलिन. पुढे नावातही वर्ष घालायची टूम निघाली. अ‍ॅड्रेनलिन ‘२०२० एडिशन’ डिसेंबर २०१९ मध्ये आली आणि तिचा क्रमांक होता १९.१२.२. एकाच वस्तूवर नावात एक वर्ष, आकड्यात दुसरं. याला जबाबदार इंजिनिअर नव्हेत, हे सांगायला कोणी साक्षीदार आणायला नको.

जाहिरातीचा भाग सोडून दिला तरी तारखेच्या पद्धतीचं खरं अपयश वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते २०२३ च्या सुरुवातीला उघडं पडलं. एएमडीची आरएक्स ७९०० मालिकेतली नवी कार्डं आली होती. जानेवारीत २३.१.१ निघाला, पण तो फक्त त्या नव्या कार्डांसाठी. आधीच्या आरएक्स ६००० वाल्यांसाठी आदल्या वर्षीचा २२.११.२ हाच ताजा ड्रायव्हर राहिला, थेट फेब्रुवारीतल्या २३.२.१ मध्ये दोन्ही वाटा एकत्र येईपर्यंत. मधल्या काळात ६००० मालिकेचं कार्ड असलेल्याला २३ चा आकडा दिसत होता आणि हाती २२ होता. तारखेत खोटं काहीच नव्हतं. ड्रायव्हर केव्हा आला हे तिने अचूक सांगितलं. तो कोणाचा, हे तिला ठाऊकच नव्हतं. शाखा दोन झाल्या की तारीख कितीही स्वच्छ असो, ती शाखेचं काम करू शकत नाही. या पद्धतीच्या आड आतला वेगळा क्रमांक लपलेला राहतो तो निराळाच: कॅटलिस्ट ओमेगाचा बाहेरचा क्रमांक १४.१२, आणि आतल्या पॅकेजचा १४.५०१ ने सुरू होणारा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये विंडोजचा तिसरा असतोच.

दुसरी सूचना सॉफ्टवेअरच्या जगातून येते आणि तिचे समर्थक अधिक आग्रही असतात. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या सिमँटिक व्हर्जनिंगमध्ये क्रमांकाच्या तीन भागांना ठरलेला अर्थ आहे: जुन्याशी सुसंगती तुटली तर पहिला भाग वाढवा, नवी सोय आली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. लायब्ररी लिहिणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो, कारण तिथे वचन स्पष्ट असतं: अमुक फंक्शन, अमुक इनपुट, अमुक आउटपुट. ग्राफिक्स ड्रायव्हरचं वचन काय? कागदावर ते डायरेक्टएक्स, व्हल्कन आणि ओपनजीएलच्या नियमांत आहे, आणि त्या नियमांना स्वतःचे क्रमांक आहेत. पण ड्रायव्हर बिघडतो तो त्या नियमांच्या बाहेर: एखाद्या खेळासाठी घातलेल्या खास युक्तीत, शेडर कंपायलरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या नियंत्रणात. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ मागे घ्यावा लागला, कारण काही कार्डांवर पंखा नीट फिरत नव्हता आणि कार्ड तापत होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या पहिल्यावहिल्या क्रिमझनने पंख्याचा वेग कमी पातळीवर अडकवून ठेवला, आणि आठवड्याभरात १५.११.१ काढून तो सोडवावा लागला. मार्च २०१६ मधल्या ३६४.४७ ला लागलीच ३६४.५१ ने बदली करावी लागली. सिमँटिक पद्धतीने या सगळ्यांचे क्रमांक कसे असते? तिसरा भाग एकाने वाढलेला, म्हणजे ‘किरकोळ दुरुस्ती, बिनधास्त बसवा’. जाणूनबुजून केलेला बदल क्रमांकात मांडता येतो. नकळत झालेला बदल कोणत्याच क्रमांकात मांडता येत नाही, आणि वापरणाऱ्याला भीती असते ती नेमकी त्याचीच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत आधुनिक आणि वरवर पाहता बिनतोड: आता अपडेट आपोआप होतात, कंपनीचं अ‍ॅप सांगतं ते बसवायचं, आकडा वाचतो कोण? सगळं सुरळीत असेपर्यंत हे मान्य. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिकेबरोबर ५७२ चे ड्रायव्हर आले आणि स्क्रीन काळी पडण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. एप्रिलमधल्या ५७६.०२ ने दुरुस्त्यांची मोठी यादी आणली आणि सोबत नवी खोड: कॉम्प्युटर झोपेतून उठला की तापमान दाखवणारी साधनं जुनाच आकडा दाखवत बसत. त्यासाठी ५७६.१५ हा हॉटफिक्स निघाला. अशा वेळी मागे जायचं असेल, दुसऱ्याशी तुलना करायची असेल, तक्रार नोंदवायची असेल, तर आकड्याशिवाय बोलताच येत नाही. खेळ सुरू होतानाही किमान अमुक ड्रायव्हर हवा असं अडवतात ते आकड्यानेच. शिवाय एकाच आकड्याच्या मागे वेगवेगळ्या वस्तू असू शकतात. एनव्हिडिया खेळांसाठी गेम रेडी आणि चित्रण-संपादनासाठी स्टुडिओ असे दोन प्रकार देते आणि दोघांवर सारखा क्रमांक येऊ शकतो. काही वर्षं तर डीसीएच आणि स्टँडर्ड अशी दोन पॅकेजं त्याच क्रमांकाने मिळत होती आणि चुकीचं निवडलं की हा ड्रायव्हर तुमच्या विंडोजशी जुळत नाही असं उत्तर मिळे. आकडा बरोबर, विंडोज बरोबर, कार्ड बरोबर, आणि तरी नकार.

आकडे माणसालाच चकवतात असंही नाही. व्हल्कनमध्ये एखाद्या प्रोग्रामने ड्रायव्हरचा क्रमांक मागितला की ३२ बिटांची एक संख्या मिळते. ती कशी उलगडायची हे कंपनीवर सोपवलेलं आहे: एनव्हिडिया ते बिट १०, ८, ८ आणि ६ असे वाटते, विंडोजवरचा इंटेलचा ड्रायव्हर १८ आणि १४ असे. आधी कंपनी ओळखा, मग क्रमांक वाचा. क्रोमियम ब्राउझरमध्ये बिघडलेले ड्रायव्हर टाळण्याची यादी असते. तिच्यात इंटेल आणि एनव्हिडियाच्या क्रमांकांची तुलना करायला वेगळे नियम लिहावे लागले, कारण चार भागांची सरळ तुलना चुकते. ज्यांचं कामच हे आहे त्या इंजिनिअरांनाही अपवाद लिहावे लागतात. मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची हमखास गाठ पडते ती एनव्हिडियाच्या एसएमआय कमांडशी. तिच्या वरच्या ओळीत ‘कुडा व्हर्जन १२.२’ असं दिसतं, आणि कुडा (ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करवून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली) बसलेलं आहे असं समजून विद्यार्थी पुढे जातो. तो आकडा सांगतो की हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुडा १२.२ पर्यंत चालवू शकेल. मशीनवर कुडाचं टूलकिट ११.८ चं असेल, किंवा मुळीच नसेल. म्हणजे ड्रायव्हरच्या क्रमांकाशेजारी त्याच्या क्षमतेचा क्रमांक, आणि दोन्हींवर लेबल सारखंच: व्हर्जन.

इतकं सगळं पाहिल्यावर कंपन्यांना निर्दोष सोडायचं का? नाही. शाखा अनेक असणं अटळ आहे. बाजारात दहा-दहा वर्षं जुनी कार्डं चालू असतात, सर्व्हरवाल्यांना स्थैर्य हवं असतं, खेळाडूंना उद्याच्या खेळाचा ड्रायव्हर आज हवा असतो. हे सगळं एका रांगेत बसणार नाही. विंडोजच्या चार भागांनाही कारण आहे. दोष आहे तो शाखा माहीत असूनही ती ग्राहकाच्या नजरेआड ठेवण्यात, आणि वर ‘नवीनतम’ हा एकच शिक्का सगळ्यांना लावण्यात. करायला अवघड असतं तर समजून घेता आलं असतं, पण तीच एनव्हिडिया लिनक्सच्या पानावर प्रॉडक्शन शाखा, नव्या सोयींची शाखा आणि जुन्या कार्डांच्या लेगसी शाखा वेगळ्या मांडते. तिथल्या वाचकाला हे झेपतं आणि विंडोजच्या वाचकाला झेपणार नाही, असं मानायला आधार नाही. त्याला ते कधी दाखवलेलंच नाही. उबुंटूने तर शाखेचा आकडा पॅकेजच्या नावातच घातला आहे: ‘एनव्हिडिया-ड्रायव्हर-५३५’ बसवलं की पुढचे अपडेट ५३५ च्या आतले येतात, आणि दुसऱ्या शाखेवर जायचं तर ते वेगळ्या नावाचं पॅकेज म्हणून मागावं लागतं. पहिला आकडा नावात गेल्यामुळे शाखा निवडणं हा माणसाचा निर्णय होतो. ठिपक्यापुढचा भाग राहतो तो संगणकाने रांग लावण्यापुरता, आणि १०० हे ८२ च्या पुढचं आहे हे पॅकेज मॅनेजरला समजावून सांगावं लागत नाही.